पी(२४३): रामानुजन यांची अटकळ आणि पंजाबातला तक्ता

१३,३९,७८,२५,९३,४४,८८८ ही पंधरा अंकी संख्या म्हणजे सुमारे १३४ लाख कोटी. तिला ७ ने भागले की पूर्ण भाग जातो. आलेल्या भागाकाराला पुन्हा ७ ने भागले तरी पूर्ण भाग जातो. तिसऱ्यांदा भागायला जावे, तर बाकी ५ उरते. १९३४ साली या उरलेल्या बाकीने श्रीनिवास रामानुजन यांची एक सुंदर आणि व्यापक अटकळ चुकीची ठरवली. ही संख्या प्रथम ज्या तक्त्यात आली, तो तक्ता पंजाबातल्या होशियारपूरच्या सरकारी महाविद्यालयातील प्राध्यापक हंसराज गुप्ता यांनी केला होता. तक्त्यातली विसंगती हेरली ती सर्वदमन चावला यांनी. पुढे फाळणीनंतर पंजाब विद्यापीठ चंडीगडला वसले, तेव्हा तिथल्या गणित विभागाचा पाया याच परंपरेतल्या माणसांनी घातला.

ही संख्या आली कुठून, हे समजायला ‘विभाजन’ ही कल्पना पुरते. एखादी धन पूर्णांक संख्या लहानमोठ्या धन पूर्णांकांच्या बेरजेच्या रूपात किती तऱ्हांनी लिहिता येते, असा साधा प्रश्न आहे. क्रम बदलला तर ती नवी तऱ्हा धरायची नाही. ४ ही संख्या ४, ३+१, २+२, २+१+१ आणि १+१+१+१ अशा पाच तऱ्हांनी लिहिता येते, म्हणून ४ ची विभाजनसंख्या ५. गणितात हे पी(४) = ५ असे लिहितात. पी(५) = ७, पी(६) = ११, पी(१०) = ४२. इथवर सारे बोटांवर मोजण्यासारखे आहे. पण पी(१००) ची किंमत १९,०५,६९,२९२ आहे आणि पी(२००) ची ३९,७२,९९,९०,२९,३८८. प्रश्न शाळकरी मुलालाही कळतो, उत्तर मात्र बघता बघता हाताबाहेर जाते. सुरुवातीला दिलेली पंधरा अंकी संख्या म्हणजे पी(२४३), अर्थात २४३ ची विभाजनसंख्या.

इतक्या तऱ्हा एकेक लिहून मोजणे अशक्यच. अठराव्या शतकात लेओनार्ड ऑयलर यांनी त्यातून वाट काढली. आधीच्या विभाजनसंख्या माहीत असतील तर पुढची त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांनी मिळते, असे सूत्र त्यांनी दिले. १, २, ५, ७, १२, १५, २२, २६ अशा वाढत जाणाऱ्या पंचकोनी संख्यांइतके मागे जायचे आणि दोन किमती मिळवायच्या, दोन वजा करायच्या, पुन्हा दोन मिळवायच्या. पी(२४३) काढायची तर पी(२४२) आणि पी(२४१) यांची बेरीज करायची, तीतून पी(२३८) आणि पी(२३६) वजा करायच्या, मग पी(२३१) आणि पी(२२८) मिळवायच्या, आणि असेच पी(२१) पर्यंत उतरत जायचे. एकूण चोवीस पदे लागतात. त्यांतली बरीचशी दहाहून अधिक अंकांची असतात.

पहिल्या महायुद्धाच्या काळात केंब्रिजमध्ये या किमतींची गरज पडली. रामानुजन आणि जी. एच. हार्डी यांनी कोणत्याही मोठ्या संख्येची विभाजनसंख्या जवळपास अचूक देणारे सूत्र शोधले होते. ते किती अचूक आहे, हे ताडून पाहायला खऱ्या किमती हव्या होत्या. तारुण्यात तोफखान्यातला अधिकारी म्हणून मद्रासला नोकरी केलेले मेजर पर्सी मॅकमहॉन त्या वेळी इंग्लंडमधले जाणते गणिती होते. त्यांनी ऑयलरच्या सूत्राने १ पासून २०० पर्यंतच्या सर्व विभाजनसंख्या हाताने काढून दिल्या. हार्डी-रामानुजन सूत्राची आठ पदे घेतल्यावर पी(२००) ची किंमत ३९,७२,९९,९०,२९,३८८.००४ आली. दशांश चिन्हाच्या डावीकडचा प्रत्येक अंक मॅकमहॉन यांच्या अंकाशी जुळला. हा शोधनिबंध १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला.

तक्ता सूत्र तपासण्यापुरता होता. त्याचे काम संपले म्हणून दुसऱ्या कोणी तो बाजूला ठेवला असता. रामानुजन यांनी मात्र तो वाचला. शेवटचा अंक ४ किंवा ९ असलेल्या प्रत्येक संख्येची विभाजनसंख्या ५ ने विभाज्य आहे, हे त्यांना दिसले: पी(४) = ५, पी(९) = ३०, पी(१४) = १३५, पी(१९) = ४९०. ५, १२, १९, २६ अशा ७ च्या अंतराने येणाऱ्या संख्यांच्या विभाजनसंख्या ७ ने विभाज्य होत्या, तर ६, १७, २८ अशा ११ च्या अंतराने येणाऱ्यांच्या ११ ने. विभाजनसंख्येची व्याख्या पाहिली तर तीत निव्वळ बेरीज आहे, भागाकाराचा कुठे मागमूस नाही. तरीही ५, ७ आणि ११ या तीन मूळ संख्यांशी तिचे असे घट्ट नाते निघावे, हे आजही थक्क करणारे आहे.

रामानुजन तिथे थांबले नाहीत. २४, ४९, ७४ अशा संख्यांच्या विभाजनसंख्या २५ ने विभाज्य दिसत होत्या. पी(२४) = १,५७५, म्हणजे २५ गुणिले ६३. ४७, ९६, १४५ या रांगेत ४९ ने भाग जात होता. पी(४७) = १,२४,७५४, म्हणजे ४९ गुणिले २,५४६. ९९ ची विभाजनसंख्या १६,९२,२९,८७५ आहे आणि तिला १२५ ने भाग जातो. ११६ ची १,१८,८९,०८,२४८ आहे आणि तिला १२१ ने. या रांगा कुठून सुरू होतात याचाही एक नियम त्यांच्या लक्षात आला. २४ ने गुणून मापांकाने, म्हणजे ज्या संख्येची विभाज्यता पाहायची तिने, भागल्यावर जिथे बाकी १ उरते, तिथून रांग सुरू होते. २४ गुणिले २४ म्हणजे ५७६, आणि त्याला २५ ने भागून बाकी १. २४ गुणिले ४७ म्हणजे १,१२८, आणि त्याला ४९ ने भागूनही बाकी १. यावरून १९१९ मध्ये त्यांनी व्यापक अटकळ मांडली: मापांक ५, ७ आणि ११ यांच्या कोणत्याही घातांचा गुणाकार असो, या नियमाने मिळणाऱ्या प्रत्येक संख्येची विभाजनसंख्या त्या मापांकाने विभाज्य असेल. ५ आणि ७ यांच्या बाबतीतली सिद्धता त्यांनी त्याच लेखात दिली आणि २५ व ४९ यांच्यासाठी वाट दाखवली. घात कितीही वाढवला तरी नियम टिकेल, हा भाग मात्र अटकळच राहिला.

या अटकळीमागे पुरावा किती होता, हे २०० पर्यंतचा तक्ता हाताशी घेऊन मोजता येते. २५ साठी तक्त्यात २४ पासून १९९ पर्यंत आठ किमती होत्या. ४९ साठी ४७, ९६, १४५ आणि १९४ अशा चार. १२५ साठी एकच, पी(९९), आणि १२१ साठीही एकच, पी(११६). आता ७ चा घन, म्हणजे ३४३ घ्यावा. २४ ने गुणल्यावर ३४३ ने भागून बाकी १ देणारी पहिली संख्या २४३ आहे, कारण २४ गुणिले २४३ म्हणजे ५,८३२, आणि ३४३ गुणिले १७ म्हणजे ५,८३१. मॅकमहॉन यांचा तक्ता २०० ला संपत होता. म्हणजे ७ च्या तिसऱ्या घातासाठी रामानुजन यांच्यापुढे एकही किंमत नव्हती. ५ आणि ११ यांच्या घातांत जे दिसले, तेच ७ च्या घातांतही चालेल असे त्यांनी धरले. तसे धरण्यात वावगे काही नव्हते. तक्ता आणखी त्रेचाळीस ओळी पुढे गेला असता तर अटकळ त्या रूपात मांडलीच गेली नसती. एप्रिल १९२० मध्ये वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी रामानुजन गेले. त्यांच्या हस्तलिखितातून हार्डी यांनी काढलेला याच विषयावरचा एक लेख १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला. तक्ता मात्र पुढची बरीच वर्षे २०० वरच अडून राहिला.

तो पुढे नेणारा माणूस पंजाबातला निघाला, आणि त्याला तशी पार्श्वभूमी होती. १८८२ मध्ये लाहोरला स्थापन झालेल्या पंजाब विद्यापीठाच्या कक्षेत तेव्हा सगळा पंजाब येत असे, आणि लाहोरचे सरकारी महाविद्यालय त्याचे हृदय होते. गोपालसिंग चावला तिथे गणिताचे प्राध्यापक होते. त्यांचे चिरंजीव सर्वदमन १९०७ मध्ये लंडनला जन्मले, लाहोरला शिकले आणि १९३१ मध्ये केंब्रिजला जे. ई. लिटलवूड यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळवून परतले. लिटलवूड म्हणजे हार्डी यांचे आयुष्यभराचे सहकारी, त्यामुळे रामानुजन यांचे अपुरे प्रश्न चावलांना घरचे होते. दिल्ली, बनारस आणि वॉल्टेअरचे आंध्र विद्यापीठ इथे शिकवून १९३६ मध्ये ते लाहोरला परतले.

हंसराज गुप्ता यांचा प्रवास वेगळा होता. ते १९०२ मध्ये रावळपिंडीला जन्मले. विलायतेला जाऊन मोठ्या गुरूच्या हाताखाली काम करण्याची संधी त्यांच्या वाट्याला आली नाही. शिवालिकच्या पायथ्याशी वसलेल्या होशियारपूरच्या सरकारी महाविद्यालयात ते अध्यापन करत आणि तिथूनच संख्या सिद्धांतावर लेख लिहीत. याच काळात नाशिकजवळच्या देवळालीत द. रा. कापरेकर शाळेत शिकवत संख्यांचा पिच्छा पुरवत होते. मोठ्या विद्यापीठांपासून दूर राहून, शिकवण्याची नोकरी सांभाळत, निव्वळ संख्यांच्या ओढीने काम करणाऱ्यांची ती पिढी होती. गुप्तांचा कल मात्र नवलाच्या एकेकट्या संख्यांकडे नव्हता. त्यांना विभाजनांचा अख्खा तक्ता पुढे न्यायचा होता.

२०१ पासून ३०० पर्यंत जायचे म्हणजे नेमके किती काम, याचा अंदाज ऑयलरच्या सूत्रावरून येतो. त्या मार्गाने गेल्यास प्रत्येक किमतीला बावीस ते सत्तावीस पदे लागतात, म्हणजे शंभर किमतींना जवळपास अडीच हजार बेरजा-वजाबाक्या. पी(३००) तर सोळा अंकी आहे. खरा धोका मात्र कष्टांचा नसतो. असल्या तक्त्यात प्रत्येक नवी किंमत आधीच्या किमतींवर उभी असते. पी(२०५) मध्ये एका अंकाची चूक झाली की ती पुढच्या किमतींत झिरपत जाते आणि तक्त्याचा उरलेला भाग निकामी होतो. त्यामुळे आकडेमोड जितकी महत्त्वाची, तितकीच तिची पडताळणी.

पडताळणीचे साधन रामानुजन यांनीच देऊन ठेवले होते. शेवटी ४ किंवा ९ असेल तिथे ५ ने भाग गेलाच पाहिजे, आणि ठरलेल्या जागी ७ ने व ११ ने. तक्त्यात सरासरी दर दोन-तीन ओळींना यांतली एखादी कसोटी लागते, आणि चूक मागे झाली असेल तर ती कसोटीत सापडण्याची शक्यता मोठी. त्याखेरीज हार्डी-रामानुजन सूत्र होतेच. म्हणजे ज्या नियमांनी हा तक्ता तपासता येत होता, त्यांच्याच विस्ताराला तो धक्का देणार होता. पी(२४३) च्या बाबतीत तर ही गोष्ट फार नेमकी आहे. २४३ म्हणजे ४७ अधिक ४९ ची चौपट, तेव्हा ती ४९ च्या रांगेत बसते. किंमत बरोबर असेल तर तिला ४९ ने भाग गेलाच पाहिजे. एखादी भलतीच संख्या ४९ च्या कसोटीला उतरण्याची शक्यता एकोणपन्नासात एक.

तो भागाकार इथे करून पाहणे योग्य. १३,३९,७८,२५,९३,४४,८८८ ला ७ ने भागल्यावर १,९१,३९,७५,१३,३४,९८४ येतात, बाकी शून्य. पुन्हा ७ ने भागल्यावर २७,३४,२५,०१,९०,७१२ येतात, बाकी शून्य. ४९ ची कसोटी पार पडली. तिसऱ्यांदा ७ ने भागल्यावर भागाकार ३,९०,६०,७१,७०,१०१ आणि बाकी ५. या संख्येचे अवयव पाडले तर त्यांत २ तीनदा येतो, ७ दोनदा येतो आणि ९७ एकदा. उरलेल्या दहा अंकी गुणकात ७ नाही. रामानुजन यांच्या अटकळीप्रमाणे तो तिसरा ७ असायला हवा होता.

गुप्तांचा ३०० पर्यंतचा तक्ता लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात १९३५ मध्ये आला. त्यातला हा विरोध चावलांनी त्याआधीच टिपला होता. १९३४ मध्ये त्याच सोसायटीच्या जर्नलमध्ये विभाजनांच्या विभाज्यतेवरची त्यांची टीप प्रसिद्ध झाली. ती एका पानाची होती. गुप्तांच्या तक्त्यातली पी(२४३) ची किंमत, तिला ३४३ ने भाग जात नाही हे निरीक्षण, आणि म्हणून अटकळ त्या रूपात खरी नाही हा निष्कर्ष, एवढाच तिचा सारांश. एखादे विधान सर्व संख्यांसाठी केलेले असेल तर ते पाडायला एक संख्या पुरते. या कामाचे श्रेय दोघांचे आहे, आणि ते तसेच मोजले पाहिजे. संख्या नसती तर कुणाच्या नजरेला काही पडले नसते. आणि २४३ हीच तपासायची जागा आहे हे ओळखणारी नजर नसती, तर ती संख्या तक्त्यातल्या शंभर ओळींपैकी एक ओळ होऊन पडून राहिली असती.

एका संख्येने अटकळ पाडली खरी, पण तिचा बराच भाग शाबूत राहिला. नेमके काय वाचले आणि काय गेले, हा पुढचा प्रश्न होता, आणि त्यासाठी आणखी मोठ्या किमती लागणार होत्या. ५ च्या चौथ्या घातासाठी, म्हणजे ६२५ साठी, पहिली जागा ५९९ आहे. ११ च्या घनासाठी, म्हणजे १,३३१ साठी, पहिली जागा ७२१. अमेरिकेत डी. एच. लेहमर यांनी १९३६ मध्ये हार्डी-रामानुजन मालिकेवरून या दोन्ही किमती काढल्या. पी(५९९) चोवीस अंकी आहे आणि तिच्या शेवटी चार शून्ये आहेत, तेव्हा ६२५ ने भाग जातो हे नजरेनेच कळते. पी(७२१) सत्तावीस अंकी आहे आणि तिला १,३३१ ने भाग जातो. म्हणजे ५ आणि ११ यांच्या बाजूने अटकळ उभी होती, बिघाड फक्त ७ मध्ये होता. १९३७ मध्ये गुप्तांनी तक्त्याचा दुसरा भाग प्रसिद्ध करून मजल ६०० पर्यंत नेली. दरम्यान १९३६ मध्ये पंजाब विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली होती.

दुरुस्त नियम १९३८ मध्ये बर्मिंगहॅमच्या जी. एन. वॉटसन यांनी सिद्ध केला. ५ च्या सर्व घातांसाठी रामानुजन यांचे म्हणणे जसेच्या तसे खरे ठरले. ७ च्या बाबतीत विभाज्यता वाढते, पण निम्म्या वेगाने. मापांकाचा घातांक १ असेल तर विभाज्यतेचाही १, २ असेल तर २, पण ३ असेल तर २ च, ४ असेल तर ३, ५ असेल तरी ३. पी(२४३) मध्ये ७ दोनदाच का आला, याचे उत्तर इथे मिळते. घातांक १ आणि २ साठी जुना नियम आणि दुरुस्त नियम तंतोतंत सारखे आहेत. ते एकमेकांपासून वेगळे होतात ते घातांक ३ पाशी, आणि त्याची पहिली जागा तक्त्याच्या हद्दीबाहेर होती. २०० पर्यंतचा तक्ता पाहून या दोहोंत निवड करणे कुणालाच शक्य नव्हते.

वॉटसन यांची सिद्धता येईपर्यंत चावला लाहोरला परतून दोन वर्षे झाली होती, आणि पुढच्या काळात त्यांच्याभोवती तिथे विद्यार्थ्यांचा मेळा जमला. त्यांतले एक रामप्रकाश बांबा. १९२५ मध्ये जम्मूत जन्मलेल्या बांबांनी एम. ए. ला ६०० पैकी ६०० गुण मिळवले होते. चावलांच्या सोबतीने त्यांनी रामानुजन यांच्याच दुसऱ्या एका फलनावर, टाऊ फलनावर, काम सुरू केले. प्रश्न त्याच जातीचा होता: या फलनाच्या किमती कोणत्या संख्यांनी विभाज्य असतात? १९४७ मध्ये बांबा, चावला, गुप्ता आणि लाहिरी या चौघांच्या नावाने टाऊ फलनाच्या विभाज्यतेवरचा एक लेख इंग्लंडमधल्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पंजाबातले बांबा, चावला आणि गुप्ता एकत्र छापले जात होते त्याच वर्षी पंजाब दुभंगला.

फाळणीत लाहोर गेले आणि त्याबरोबर विद्यापीठाच्या इमारती, ग्रंथालय आणि प्रयोगशाळाही गेल्या. ऑक्टोबर १९४७ मध्ये भारतात पूर्व पंजाबचे विद्यापीठ नव्याने उभे करण्यात आले, तेव्हा त्याला शहर नव्हते आणि आवारही नव्हते. कार्यालय सोलनला होते. विभाग होशियारपूर, जालंधर, अमृतसर आणि दिल्ली असे विखुरले होते. निर्वासित विद्यार्थ्यांसाठी दिल्लीत छावणी महाविद्यालय चालवावे लागले. चावला १९४८ मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टनला गेले आणि पुढचे आयुष्य त्यांनी तिथल्या विद्यापीठांत घालवले. बांबा केंब्रिजला गेले आणि लुई मॉर्डेल यांच्या मार्गदर्शनाखाली १९५० मध्ये डॉक्टर झाले. लाहोरची मंडळी पांगली. गुप्ता मात्र होशियारपूरला होते, आणि होशियारपूर सीमेच्या अलीकडे राहिले होते. विद्यापीठाचा गणित विभाग तिथेच सुरू झाला तो त्यांच्या नेतृत्वाखाली. लाहोर गमावलेल्या विद्यापीठाला गणिताची परंपरा पहिल्यापासून उभी करावी लागली नाही, याचे मोठे कारण होशियारपूरला सलग चाललेले हे काम होते.

शिवालिकच्या पायथ्याशी नवी राजधानी उभी राहिली आणि १९५६ मध्ये विद्यापीठ चंडीगडला आले. ल कॉर्बुझिए यांनी आखलेल्या शहरात सेक्टर १४ मधले विद्यापीठाचे आवार त्यांचे सहकारी पियरे जानरे यांनी रचले. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस गणित विभागही तिथे गेला. गुप्ता त्याचे प्रमुख होते आणि बांबाही विद्यापीठात रुजू झाले होते. याच सुमारास गुप्तांच्या तक्त्याला अखेरचे रूप मिळाले. १९५८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने गणिती तक्त्यांच्या मालिकेचा चौथा खंड म्हणून ‘विभाजनांचे तक्ते’ प्रसिद्ध केले. संपादकांची नावे गुप्ता, ग्वायदर आणि जे. सी. पी. मिलर. त्यात १,००० पर्यंतच्या विभाजनसंख्या आहेत, आणि शेवटची, पी(१०००), बत्तीस अंकी आहे. इलेक्ट्रॉनिक संगणकांनी असली कामे मिनिटांवर आणण्यापूर्वी विभाजनांवर काम करणाऱ्या कोणालाही हा खंड उघडावाच लागे.

चंडीगडचा विभाग पुढे तक्त्यांपुरता राहिला नाही. बांबांनी मॉर्डेल यांच्याकडून आणलेली ‘संख्यांची भूमिती’ ही शाखा तिथे रुजली. अवकाशात समान अंतरांवर मांडलेल्या बिंदूंच्या जाळ्यांवरून पूर्णांकांविषयीची विधाने सिद्ध करणारी ही शाखा आहे. साठीच्या दशकात विद्यापीठ अनुदान आयोगाने या विभागाला गणिताच्या प्रगत अभ्यासाचे केंद्र म्हणून मान्यता दिली. व्ही. सी. दुमीर, आर. जे. हंस-गिल आणि मधू राका यांनी ही परंपरा पुढे चालवली. एकरेषी राशींच्या गुणाकारावरची मिंकोव्स्की यांची जुनी अटकळ सात चलांसाठी २००९ मध्ये आणि आठ चलांसाठी २०११ मध्ये सिद्ध झाली. या दोन्ही सिद्धता हंस-गिल, राका आणि सेहमी यांच्या आहेत. बांबा १९८५ ते १९९१ या काळात विद्यापीठाचे कुलगुरू होते. हंसराज गुप्ता १९८८ च्या नोव्हेंबरात वारले, तोवर त्यांच्या तक्त्याच्या पहिल्या भागाला पन्नासहून अधिक वर्षे लोटली होती.

विभाजनांची विभाज्यता तोवर मोठे क्षेत्र बनली होती. ११ च्या घातांसाठी रामानुजन यांची मूळ अटकळ खरी असल्याचे ए. ओ. एल. ॲटकिन यांनी १९६७ मध्ये सिद्ध केले. त्यांनीच ५, ७ आणि ११ यांच्या पलीकडेही असे नियम सापडतात हे दाखवले, पण ते फार अवघड जागी दडलेले असतात. १३ साठीची त्यांची रांग २३७ पासून सुरू होते आणि १७,३०३ च्या अंतराने पुढे जाते. २००० मध्ये केन ओनो यांनी सिद्ध केले की ५ किंवा त्याहून मोठ्या प्रत्येक मूळ संख्येसाठी अशा अनंत रांगा आहेत. पाच, सात आणि अकरा यांचे एक वेगळेपण असे, की त्यांचे नियम दोनशे ओळींच्या तक्त्यात मावले.

रामानुजन यांनी स्वतः ७ च्या घातांचा प्रश्न कुठवर नेला होता, हे बऱ्याच उशिरा उजेडात आले. विभाजने आणि टाऊ फलन यांवरचे त्यांचे एक अप्रकाशित हस्तलिखित ब्रूस बर्न्ट आणि केन ओनो यांनी १९९९ मध्ये टिपणांसह छापले. त्यात ५ च्या सर्व घातांसाठीची सिद्धता रामानुजन यांच्याच हातची आहे, वॉटसन यांच्या आधी जवळपास वीस वर्षे लिहिलेली. ७ च्या घातांची सिद्धताही त्यांनी त्याच वाटेने सुरू केली होती, पण ती अपुरी राहिली. ती वाट शेवटपर्यंत गेली असती तर दुरुस्त नियमच त्यांच्या हाती आला असता, असे हस्तलिखिताचे संपादक सांगतात. ती पुरी करायला त्यांना आयुष्य मिळाले नाही, आणि म्हणून दुरुस्तीची पहिली खूण होशियारपूरच्या तक्त्यात २४३ व्या ओळीवर पडली.